आटपाडीवरून इराणला: आमच्या घरातली पिक्चरची निवड

घरात माणसं सहा आणि टीव्ही एक. अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पाठ झालेले जुने पिक्चर पुन्हा बघायला आवडतात. सासूबाईंची संध्याकाळ मालिकांची. आमच्या ह्यांना हिंदीत डब केलेले दाक्षिणात्य मारधाडपट लागतात. थोरली नववीत, तिचं सगळं बघणं मोबाईलवर, कानात हेडफोन घालून. धाकटा चौथीत, त्याला कार्टून. मी पतसंस्थेतून घरी येईपर्यंत सात वाजतात, मग स्वयंपाक, त्यामुळे जे चालू असेल ते माझं. शनिवारी रात्री सगळ्यांनी मिळून काहीतरी बघायचं म्हटलं की रिमोट हातोहात फिरायचा, पोस्टरं सरकत राहायची आणि काहीच न ठरता धाकटा सतरंजीवर झोपी जायचा.

त्यात ॲपची सुचवण्याची रीत अशी, की एक मारधाडपट पाहिला की त्याच जातीचे आणखी वीस पुढ्यात येतात. आपण जे पाहिलं त्यावरूनच ते ठरवतं, त्यामुळे घराचं बघणं फिरून फिरून तिथंच येतं. मला हे खुपत होतं. सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' इथं उभं केलं असं अभिमानानं सांगतो. अशा गावातल्या पोरांना गोष्टींचं जग एवढंसंच मिळावं, हे मला पटेना. निवड आपण करायची, रिमोट हातात घ्यायच्या आधी करायची, आणि घरातलं प्रत्येक माणूस शेवटपर्यंत बसेल अशी करायची, एवढं ठरवून मी कामाला लागले.

जगातल्या उत्तम शंभर चित्रपटांच्या याद्या नेटवर ढिगानं आहेत. त्या वाचल्या, दोन-चार नावं लिहूनही घेतली. पण यादीतलं पहिलंच नाव वाचून दाखवलं की घरातून प्रश्न यायचा, "हे कुठलं काढलंस?" आणि त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नसायचं. पिक्चर चांगला आहे, एवढ्या कारणावर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस रात्री दहापर्यंत बसत नाही.

वाट सापडली ती अण्णांच्या बोलण्यातून. अण्णा मूळचे आटपाडी तालुक्यातले. धाकट्याला ते स्वतंत्रपूरची गोष्ट सांगत होते: आटपाडीजवळची भिंती नसलेली कैद्यांची वसाहत, जिथं शिक्षा झालेली माणसं शेती करतात, बायकापोरांसह राहतात. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन यांच्या काळात हा प्रयोग सुरू झाला. धाकट्यानं विचारलं, "मग ते पळून का नाही जात?" अण्णा म्हणाले, "त्येचाच तर पिक्चर हाय की, बाळा."

त्या शनिवारी आम्ही 'दो आँखें बारह हाथ' लावला. १९५७ सालचा, व्ही. शांताराम यांचा. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि गदिमांचा जन्म शेटफळ्याचा, म्हणजे त्याच आटपाडी तालुक्यातला. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या पिक्चरला रौप्य अस्वल मिळालं होतं, हे मी थोरलीला मुद्दाम सांगितलं, कारण 'ब्लॅक अँड व्हाइट' म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला होता. सहा कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर. बाजारात ते भाजी स्वस्तात विकतात म्हणून दलालांची माणसं त्यांना झोडपतात, आणि हात उचलणार नाही असा शब्द दिलाय म्हणून ते मार खात उभे राहतात. अण्णांनी आयुष्यभर मार्केट यार्डात माल घातलाय. त्या प्रसंगाला ते पुढं सरकून बसले. थोरलीनं मोबाईल उलटा ठेवला होता, हे मी बघितलं.

पिक्चर संपल्यावर अण्णा म्हणाले, "थोरल्या माडगूळकरांचं झालं, आता धाकट्याचं बघू." म्हणजे गदिमांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर. त्यांची 'बनगरवाडी' ही कादंबरी १९५५ ची, आणि अमोल पालेकरांनी तिच्यावर १९९५ साली पिक्चर काढला. तेच औंध संस्थान, तोच माणदेश, मेंढपाळांच्या वस्तीवर शाळा चालवायला गेलेला कोवळा मास्तर. अण्णांना तो पिक्चर समजावून सांगावा लागला नाही. तेच आम्हाला सांगत होते. काठी कशी धरतात, कोकरू खांद्यावर कसं घेतात, पाऊस गेला की वस्ती कशी उठते. शेवटी दुष्काळात वाडी रिकामी होते तिथं त्यांना १९७२ आठवलं. त्या रात्री खडी फोडायला गेलेल्या त्यांच्या आईबद्दल मुलांनी पहिल्यांदा ऐकलं.

मग माझ्या लक्षात आलं की आपण यादी करायची नाही, धागा धरायचा. मागच्या पिक्चरमधली एकच गोष्ट पुढच्यात न्यायची आणि बाकी सगळं बदलू द्यायचं: भाषा, देश, काळ. एक धागा ओळखीचा असला की माणूस परक्या गावातही बिचकत नाही. 'बनगरवाडी'तून मी शाळा उचलली आणि पुढच्या शनिवारी इराणला गेले.

अब्बास किआरोस्तामी यांचा 'व्हेअर इज द फ्रेंड्ज हाउस', १९८७ सालचा. गोष्ट एवढीच: अहमद नावाच्या मुलाकडून वर्गमित्राची वही चुकून घरी येते. गृहपाठ वहीत केला नाही तर शाळेतून काढीन, असा मास्तरांनी त्या मित्राला दम दिलेला. मित्राचं घर शेजारच्या गावात, आणि ते नेमकं कुठं ते अहमदला माहीत नाही. पिक्चर जेमतेम ८३ मिनिटांचा. त्यात टेकडीवरून नागमोडी वर जाणारी एक वाट आहे, माथ्यावर एकच झाड. त्या वाटेवरून तो पोरगा पळत जातो, परत येतो, पुन्हा पळतो. अण्णा म्हणाले, "ही तर आमच्या खरसुंडीकडची टेकडी." आणि धाकटा, ज्याला कार्टूनशिवाय काही चालत नव्हतं, तो गुडघ्यात तोंड घालून म्हणत होता, "अगं, पण कुणी त्याला नीट सांगत का नाही?" मोठी माणसं मुलांचं ऐकूनच घेत नाहीत, हे त्याला कुणी समजवावं लागलं नाही. त्यानंतर इराणचाच 'चिल्ड्रन ऑफ हेवन' त्यानं स्वतः मागितला. माजिद माजिदी यांचा, १९९७ चा, भावा-बहिणीत एकच बुटांची जोडी असलेला.

परभाषेतला पिक्चर घरात चालवायचा तर भाषेची सोय आधी बघावी लागते. अण्णांना आणि सासूबाईंना इंग्रजी येत नाही, धाकट्याला खालच्या ओळी वाचायला वेळ लागतो. आमच्याकडं थोरली वाचून दाखवते. सगळं शब्दशः नाही, नेमकं तेवढंच, आणि सरळ सांगलीच्या बोलीत. सुरुवातीला ती कंटाळायची. आता ती संवाद आधी मनात जुळवते आणि मगच बोलते; तिच्या इंग्रजीला आणि मराठीला दोन्हीला त्याचा उपयोग झालाय, असं मला शाळेतल्या निबंधावरून दिसतं. सबटायटलच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं आणि मागं काळी पट्टी करून घेतली की डोळ्यांना ताण पडत नाही. कमी बोलण्याचे आणि जास्त दिसण्याचे पिक्चर अशा घरासाठी उत्तम. इराणी पिक्चर आमच्याकडं चालले त्याचं अर्धं कारण तेच आहे.

दुसरी वाट जोडीच्या पिक्चरची. 'दो आँखें'चा धागा गुन्हा आणि शिक्षेचा, साल १९५७. त्याच साली अमेरिकेत सिडनी लुमेट यांचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' आला: एक खोली, बारा माणसं आणि एका पोराच्या जिवाचा निर्णय. त्यावरून बासू चटर्जींनी हिंदीत 'एक रुका हुआ फैसला' केला, १९८६ साली. आधी सगळ्यांनी मिळून हिंदी पाहिला, त्यातला पंकज कपूर बघून सासूबाई म्हणाल्या, "ह्यो माणूस घरातलाच कुणाचा तरी राग काढतोय बघ," आणि ते शेवटी तसंच निघालं. मग ह्यांनी आणि थोरलीनं दुसऱ्या दिवशी इंग्रजी पाहिला आणि दोघं जेवताना दोन्हींची तुलना करत होते. बाप-लेकीचं एवढं लांब बोलणं मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

बासू चटर्जींवरूनच आम्ही मालिकेकडं वळलो, कारण १९९३ साली दूरदर्शनवर आलेली 'ब्योमकेश बक्षी' त्यांचीच. रजित कपूर यांचा तो धोतर-कुर्त्यातला शांत सत्यान्वेषी सासूबाईंना इतका आवडला की त्यांच्या रोजच्या दोन मालिका आपोआप मागं पडल्या. मालिका निवडताना मी एक गोष्ट बघते: प्रत्येक भागात गोष्ट पुरी होते का. आठवड्याच्या मधल्या दिवसांत जेवणाच्या वेळी एक भाग, ताटं उचलली की टीव्ही बंद, हे जमायचं तर गोष्ट लोंबकळत ठेवणारी मालिका चालत नाही. त्यासाठी 'मालगुडी डेज'सारखं दुसरं काही नाही. आर. के. नारायण यांच्या कथा, दिग्दर्शन शंकर नाग यांचं, चित्रीकरण कर्नाटकातल्या आगुंबेचं. बावीस-पंचवीस मिनिटांत एक माणूस पुरता कळतो. दूरदर्शनच्या जुन्या मालिकांसाठी प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' नावाचं ॲप सुरू केलंय, तिथं डोकावून बघावं. बाकी कुठला पिक्चर कुठल्या ॲपवर, हे सारखं बदलतं. शुक्रवारीच शोधून ठेवलेलं बरं, शनिवारी ऐनवेळी नको.

ह्यांच्या आवडीलाही मी हात लावला नाही, तिच्यातूनच धागा काढला. मारधाड हवी ना? मग अकिरा कुरोसावा यांचा 'सेव्हन सामुराई'. १९५४ चा, जपानी, २०७ मिनिटांचा. दरोडेखोरांपासून गाव वाचवायला शेतकरी सात योद्धे भाड्यानं आणतात. आपल्या 'शोले'वर त्याची छाया आहे. एवढा लांबलचक पिक्चर एका बैठकीत बघायचा नाही, त्यात मुळातच मध्यंतर आहे, तिथं थांबलो. शेवटची चिखलातली, धो धो पावसातली लढाई बघून हे म्हणाले, "सत्तर वर्षांपूर्वी हे कसं केलं असेल?" त्यानंतर त्यांनी स्वतःहून कुरोसावांचं आणखी काय आहे ते शोधलं.

अण्णांसाठी म्हणून लावलेला 'मंथन' मात्र सगळ्यांचा झाला. श्याम बेनेगल यांचा, १९७६ चा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन काढलेला. पटकथा विजय तेंडुलकरांची. आमच्या जिल्ह्यात गावोगावी दूध डेअरी, त्यामुळे गिरीश कर्नाड दुधाचे नमुने गोळा करत फिरतात तेव्हा अण्णांनी पिक्चर थांबवायला लावला आणि धाकट्याला फॅट म्हणजे काय, डिग्री म्हणजे काय, कॅनमध्ये पाणी घातलं तर कसं सापडतं, हे सविस्तर सांगितलं. स्मिता पाटील नमुना द्यायला तयार नसते, त्या नजरेतला संशय त्यांनी खरा मानला. "आमी पण असंच बघायचो सायबाकडं," म्हणाले. तेंडुलकरांचाच धागा धरून मग 'सामना' पाहिला, जब्बार पटेल यांचा, १९७४ चा. दुधावरून साखरेवर. निळू फुले आणि श्रीराम लागू समोरासमोर आले की आमच्याकडं कुणी पाणी प्यायलाही उठलं नाही. थोरलीनं त्यानंतर सहकारी कारखान्याबद्दल इतके प्रश्न विचारले की ह्यांना बारा-बारा वर्षांचं राजकारण उकलून सांगावं लागलं.

सासूबाईंचं माहेर जत तालुक्यातलं, घरात कन्नड. आमच्याकडं आल्यावर ती भाषा त्यांनी जवळजवळ मिटवून टाकली होती. त्यांच्यासाठी राम रेड्डी यांचा 'तिथी' काढला. मंड्या भागातल्या खेड्यातला, तिथल्याच माणसांनी काम केलेला, २०१५ साली लोकार्नोच्या चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळालेला. शंभरी ओलांडलेला म्हातारा मरतो आणि त्याच्या दिवसकार्यापर्यंतच्या दिवसांत मुलगा, नातू, पणतू काय काय करतात, ते. दारू आहे, शिव्या आहेत, म्हणून मुलं झोपल्यावर आम्ही मोठ्यांनीच पाहिला. तिकडची कन्नड जतच्या कन्नडपेक्षा पुष्कळ वेगळी, पण यावेळी आम्ही खालच्या ओळी वाचत होतो आणि सासूबाई वाचणाऱ्यांच्या आधी हसत होत्या. अण्णांनी त्यांच्याकडं कौतुकानं बघितलेलं मला दिसलं.

मुलांचं वय बघताना मी आधी पडद्यावरची खूण बघते: यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+, ए. शेजारी हिंसा, भाषा वगैरे लिहिलेलं असतं. ते उपयोगी आहे, पण पुरेसं नाही, कारण कुठल्या घरात काय लागेल हे कुठल्याच खुणेला कळत नाही. आमच्या घरात लागणारी गोष्ट म्हणजे पाणी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सांगलीच्या गावभागात, म्हणजे जुन्या वस्तीत, राहत होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्हाला होडीतून काढलं. घरातला पहिला मजला गेला, पुढं आम्ही विश्रामबागेत राहायला आलो. तेव्हापासून टीव्हीवर पुराची बातमी लागली की सासूबाई उठून आत जातात. आणि थोरलीनं आमच्या पिक्चरच्या वहीत धागा लिहिला होता, 'पूर', खाली पिक्चरचं नाव, '२०१८'. केरळच्या महापुरावरचा मल्याळी, ज्यूड अँथनी जोसेफ यांचा, २०२३ चा. भारताकडून ऑस्करला पाठवलेला. घरात त्यावर बराच खल झाला. हे म्हणाले, नकोच. थोरली म्हणाली, आपल्यावरचा कुणी काढला नाही, निदान हा तरी बघू.

मी तो आधी एकटीनं पाहिला, दुपारी, मोबाईलवर. बराच वेळ माणसांची ओळख होते, पाऊस वाढत जातो, आणि मग पाणी घरात शिरतं. ते कुठं शिरतं, किती वेळ आहे, कोण वाचत नाही, हे सगळं टिपून ठेवलं. मग सासूबाईंना सरळ विचारलं. "आई, पुराचा पिक्चर आहे. तुम्हाला नको असेल तर आम्ही काढतच नाही." त्या थोडा वेळ शेंगा निवडत राहिल्या. म्हणाल्या, "बघू की. तिकडच्या बायकांनी काय केलं ते तरी कळंल. पर मला आदुगर सांग, कवा काय व्हतंय ते."

रविवारी दिवसाउजेडी, खिडक्या उघड्या ठेवून, आवाज कमी करून पाहिला. पाणी शिरायच्या आधी मी त्यांना सांगत होते. मच्छीमार आपल्या होड्या घेऊन माणसं काढायला येतात, तिथं त्यांनी हात वर केला. धाकट्यानं पिक्चर थांबवला. त्या म्हणाल्या, आपल्याला होडीत घेणारा पोरगा वीस-बावीसचा असंल, माझ्या पायात चप्पल न्हवती म्हणून त्यानं स्वतःची काढून दिली. "त्येचं नाव इचारायचं राह्यलं. गाव इचारायचं राह्यलं. चा बी पाजला न्हाई त्याला." एवढ्या वर्षांत ही चपलेची गोष्ट आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. मग त्याच म्हणाल्या, "लाव पुढं," आणि शेवटपर्यंत बसल्या. त्यांनी नाही म्हटलं असतं, तर मी तो पिक्चर वहीतून खोडला असता.

त्या वहीबद्दल सांगते. शंभर पानी, टीव्हीखालच्या कप्प्यात असते. एका पानावर एक धागा. पिक्चरचं नाव, भाषा, साल, किती मिनिटं, कुणी सुचवला, आणि बघून झाल्यावर ज्याला वाटेल त्यानं एक ओळ. लांबीचा रकाना सगळ्यांत कामाचा: दीड तासाच्या आतलं असेल तर रात्री, दोन तासांच्या वरचं असेल तर दोन भागांत किंवा रविवारी. मार्च एंडला माझी कामं वाढतात तेव्हा पिक्चर नाहीच, फक्त मालिकेचा भाग. एक नियम आम्ही सगळ्यांनी मिळून घातलाय: सलग दोन शनिवार एकाच भाषेतलं बघायचं नाही. नकाराचा हक्क प्रत्येकाला आहे, पण अर्धा तास बघून झाल्यावर. त्यामुळे काही पिक्चर अर्ध्यावर बंद झाले, आणि त्यांचीही वहीत नोंद आहे, 'आवडला नाही, फार हळू,' 'पार्श्वसंगीत कानठळ्या बसवणारं,' अशी.

पुढच्या शनिवारी 'स्वदेस' आहे. २००४ चा, आशुतोष गोवारीकर यांचा. बराचसा वाईजवळच्या मेणवलीला चित्रित झालेला. तीन तासांच्या वरचा, म्हणून दोन रात्रींचा ठरवलाय. त्यानंतरचा धागा धाकट्याचा आहे. त्यानं मोठ्या अक्षरात 'एसटी स्टँड' असं लिहून पान सोडून ठेवलंय. हायाओ मियाझाकी यांचा १९८८ चा 'माय नेबर टोटोरो' मी त्यात घातलाय, कारण त्यात पावसात छत्री घेऊन बसची वाट बघत उभ्या राहिलेल्या दोन बहिणी आहेत. पानावरच्या बाकीच्या ओळी अजून भरायच्या आहेत.